एकाच ताग्यातून

आये,

तुला मी आठवत असेन, असं धरून मी चालत नाही. जिवंत होतीस तेव्हाच तू हाक मारताना आधी ताईचं नाव घ्यायचीस, मग जिन्यातल्या मांजरीचं आणि तिसऱ्या खेपेला माझं. आमटीत मीठ दोनदा पडायचं आणि तुझ्या खानावळीत जेवणारे गिरणीतले काका गुमान पाणी पीत बसायचे. आता वर जाऊन इतकी वर्षं झाल्यावर तुझ्या डोक्यात काय उरलं असणार! म्हणून आधी ओळख सांगते. मी तुझी धाकटी. जिचा निळा परकर चुकला, ती.

हे मी लिहीत नाही. मला कुठलं लिहायला येतं, हे तरी तुला आठवत असेल. मी पलंगावर पाय सोडून बोलते आणि नात लिहिते. ती सातवीत आहे. इंग्रजी शाळेत जाते, पण मराठी अक्षर बरं आहे म्हणतात. मधेच मला थांबवते. आत्ताच म्हणाली, "आज्जी, पत्रात मांजर कशाला?" मी म्हटलं, तू लिही. माझी आई तुझ्यापेक्षा मांजरीला जास्त ओळखेल.

तर तो परकर. ताईच्या वेळी शाळेने सांगितलेल्या दुकानातून, शाळेने सांगितलेल्या निळ्याचं कापड आलं होतं. माझं शाळेचं वर्ष आलं तेव्हा हात आखडता होता, आणि ताईचा परकर तिच्या अंगावरून उतरायला अजून दोन वर्षं होती. गिरणीच्या दुकानात कामगारांना स्वस्तात कापड मिळायचं, तिथून बाबांनी निळा तुकडा आणला. काय कापड होतं ते! दगडावर आपट, खारात भिजव, सुतालाही धक्का नाही. तू तो हाताने शिवलास. खाली कापड दुमडून एकावर एक तीन टिपा मारल्यास, म्हणजे दरवर्षी एक टीप उसवली की पोरीबरोबर परकरही वाढेल. तीन वर्षांची शाळा तू त्या दुमडीत शिवून ठेवली होतीस. मला चालताना ती जाड किनार गुडघ्याला लागायची, आणि मला ते फार आवडायचं.

पहिले काही दिवस शाळेने मला घरच्या झग्यावर बसू दिलं होतं. परकर तयार झाला त्या दिवशी तू स्वतः मला सोडायला आलीस. तुझ्या कोपरापर्यंत पीठ, मी तेल लावून चप्प. दारातच बाई भेटल्या. चांगल्या होत्या बिचाऱ्या, आवाज चढवला नाही. ताईच्या वर्गातली एक मुलगी बोलावून माझ्याशेजारी उभी केली आणि म्हणाल्या, "बघा, तुमच्याच डोळ्यांनी बघा. हा निळा नव्हे."

तू म्हणालीस, "निळो नाय तर काय हिरवो?"

"निळा आहे हो, पण गणवेशाचा नव्हे. गणवेश म्हणजे सगळ्यांचा सारखा. एकटी वेगळी दिसते."

"आकाश पण रोज येगळा निळा दिसता. तेका कोण घराक धाडता?"

बाई हसल्या. पण उद्या बरोबर कापडाचा घालून पाठवा, म्हणाल्याच. तू माझा हात धरलास आणि फाटकाबाहेर येऊन माझी वेणी उगाचच परत घट्ट केलीस. "चल गो, रवांदे. भाकऱ्यो थापूच्या आसत." एवढंच. आपल्या मजल्यावर आणखी दोघी-तिघींचे नवरे त्याच गिरणीत होते. त्यांच्याकडेही तोच निळा तुकडा आला होता, त्यांच्याही पोरी त्याच वर्षी शाळेत जायच्या होत्या. त्यांनी आपल्याला परत येताना पाहिलं आणि आपल्या पोरींना पाठवलंच नाही. आणि तू काही कुणाला बोलली नाहीस. तुझा ताठा मोठा. शाळेने परत पाठवलं हे सांगण्यापेक्षा पोरगी रडत होती म्हणून आणली, असं सांगितलंस. मी रडत नव्हते. पण ते पुढे येईल.

दोन वर्षांनी ताईचा परकर उतरला. तोवर मी भाकरी इतकी गोल थापायला लागले होते की तुला मला सोडवेना. माझा परकर मी घरीच घालून वाढले. तू दरवर्षी एक टीप उसवलीस, आणि उसवलेल्या जागी न विटलेल्या कापडाची एक गडद रेघ उमटायची. शेवटी तो आखूडच झाला तेव्हा तू त्याची मसोती केलीस. शेगडीवरचं पातेलं तू माझ्या शाळेने धरून उतरवायचीस. मी रोज बघायचे. मजाही वाटायची थोडी.

आता आत्ताचं ऐक. माझी नात ज्या शाळेत जाते तिने या वर्षी गणवेश बदलला. आधीचा चांगला होता की वाईट, ते कुणाला विचारायचं नाही. साधा निळा जाऊन चौकड्यांचा स्कर्ट आला. पांढऱ्या शर्टाच्या खिशावर शाळेचं चिन्ह, खेळाच्या दिवसाचा वेगळा जोड, काळे बूट वेगळे, पांढरे वेगळे. सगळं एकाच दुकानातून घ्यायचं. सुनेने मोबाइलवर आलेली सूचना मला वाचून दाखवली. "आई, लिहिलंय बघा. नवीन युनिफॉर्म नसेल तर वर्गात बसू देणार नाहीत."

मुलगा म्हणाला, "दिवाळीपर्यंत जुना चालवू."

"तुम्ही चालवाल हो. गेटवर कोण जाणार, तुम्ही?"

मुलगा जिथे नोकरी करतो ती काचेची इमारत बाबांच्या गिरणीच्या जागेवर आहे. बाबांना निदान कापड स्वस्तात मिळायचं. याला तिथे काय स्वस्त मिळतं म्हणून विचारलं, तर म्हणाला, "एसीची हवा." एका पोरीच्या त्या सगळ्या जोडांत आमचं महिन्याचं वाणसामान येतं, वर थोडे बोंबील सुद्धा. चिन्हवाला शर्ट दुसरीकडे कुठे मिळतच नाही, तो घेतला, गिळला. बूट गेल्या वर्षीचेच, पुढून चेपून बघितले, अंगठा अजून हलतो. राहिला स्कर्ट. मी म्हटलं, स्कर्ट मी शिवते. सून माझ्याकडे बघत राहिली. तिला तुझ्या निळ्याची गोष्ट ठाऊक आहे. मी ती सणासुदीला सांगते, सगळे हसतात. त्या दिवशी ती हसली नाही. "आई, परत पाठवली तर?"

मीही शहाणी आहे. लगेच कापड आणायला धावले नाही. तुला ठाऊक नाही, हल्ली पाडव्याच्या शोभायात्रेला आमच्या भजनी मंडळाच्या बायका सगळ्या एका रंगात जातात. त्यासाठी आम्ही दादरला एका शेठकडून एकाच ताग्यातल्या साड्या घेतो, भाव पण पडतो. वेगळ्या ताग्यातली घेतली की उन्हात लगेच कळतं. तर मी भजनाच्या दिवशी टाळ खाली ठेवले आणि विचारलं, कुणाकुणाची नात त्या शाळेत आहे? चाळीतल्या, समोरच्या इमारतीतल्या, गल्लीच्या टोकाच्या, बऱ्याच निघाल्या. सगळ्यांची तीच रड. एकीने तर कुकर घ्यायचा पुढे ढकलला होता. मी म्हटलं, तागा एकच घेऊ. शिवायला आम्ही दोघी-तिघी आहोत.

"आणि शाळेने घरी पाठवलं म्हणजे?"

"एकीला पाठवतात गो. सगळ्यांना पाठवून बाई शिकवणार कुणाला, बाकांना?"

दादरला शेठने तागा उलगडला. सून दुकानातल्या स्कर्टचा फोटो त्याच्यापुढे धरून उभी. "आजी, सेम टू सेम," शेठ म्हणाला. सेम टू सेम म्हणजे थोडं वेगळं, हे मला त्याच्या तोंडावरून कळलं. चौकडी बोटभर मोठी नव्हती, पण होती मोठी. आणि निळ्यात जरा हिरवट झाक. उन्हात नेऊन पाहिलं, तशीच. आम्ही सगळ्यांनी एकमेकींकडे बघितलं. मग मी म्हटलं, फाडा. दोघी तिथूनच परत फिरल्या आणि शाळेच्या दुकानात गेल्या. त्यांना नावं ठेवत नाही. धीर काही ताग्यावर मिळत नाही.

मग आमच्या खोलीत तीन-चार दिवस मशीन चालू. मी सगळ्या स्कर्टांना खाली दुमड ठेवली, तीन टिपा. नात कुरकुरली, "आज्जी, खाली जाड लागतं." आत्ताही लिहिताना म्हणते आहे, लागतंच. लागू दे.

सोमवारी सकाळी तिचं पोट दुखायला लागलं. मी म्हटलं, "माझंही दुखतंय. चल." सून कामावर गेली होती, म्हणून सोडायला मी. आम्ही ठरवलं होतं की पोरी एकेकट्या जाणार नाहीत, नाक्यावर जमून एकत्र जायचं. जमल्या. आज्या मागे, पोरी पुढे. तू असतीस तर म्हणाली असतीस, ही काय वरात? फाटकावर वॉचमनने आधी एकीला अडवलं, मग दुसरीला, मग त्याचे हात पुरेनात. तो आत गेला आणि एका बाईंना घेऊन आला. तरुण होत्या, गळ्यात ओळखपत्राची दोरी. त्यांनी माझ्याच नातीच्या स्कर्टची कड हातात घेतली. आये, खरं सांगते, मला त्या क्षणी पीठ लागलेला हात दिसला.

"हा आपल्या दुकानातला नाही," त्या म्हणाल्या.

नातीने मागे वळून मला शोधलं. शेजारची एक ठेंगणी पोर म्हणाली, "मिस, आमच्या सगळ्यांचा सेम आहे."

बाईंनी मान वर केली. रांगेभर बघितलं. तोच हिरवट निळा, तीच मोठी चौकडी, तीच जाड किनार. दुकानात गेलेल्या त्या दोघींच्या नाती मधे उभ्या होत्या, आणि खरं तर वेगळ्या त्याच दिसत होत्या. बाईंच्या ओठांत काहीतरी हललं, हसू असेल किंवा नसेल. एवढ्यात घंटा झाली. "चला आत. बोलू नंतर," त्या म्हणाल्या, आणि पोरी आत गेल्या. झालं. इतकंच. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर सूचना आली की पुढच्या वर्षापासून दुकानातलाच लागेल. सून म्हणाली, "पुढच्या वर्षी काय करायचं?" पुढच्या वर्षी एक टीप उसवायची, दुसरं काय.

माझ्या पिशवीत त्या दिवशी एक डबा होता. तुला आठवत नसेल, म्हणून सांगते. आपण शाळेतून परत आलो तेव्हा तू मला शेगडीपुढे बसवलंस आणि तव्यावरच्या तांदळाच्या भाकरीचा फुगलेला पापुद्रा उचटून दिलास, वर तिखट, मीठ, तेलाचा थेंब. "गरम आसा, खा." तो पापुद्रा तू कधी कुणाला द्यायची नाहीस, बाबांच्या ताटातला असायचा. मी सोमवारी पहाटे भाकरी करून पापुद्रा डब्यात घातला होता. म्हटलं, पोर परत आली तर तिच्या हातात द्यायला काहीतरी हवं. सगळ्या आज्या घरी गेल्या. मी समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. बोलू नंतर म्हणाल्या होत्या ना त्या. मधली सुट्टी झाली, पोरींचा गलका ऐकू आला, कुणी बाहेर आलं नाही. मग मी डबा उघडला. पापुद्रा चामड्यासारखा झाला होता. तरी खाल्ला.

आणि तिथे बसल्यावर एक कळलं, ते कबूल करते. तू मरेपर्यंत मी तुला टोमणे मारले, आईने मला शाळेत घातलं नाही म्हणून. तू ऐकून घेतलंस. पण त्या दिवशी शेगडीपुढे मला शाळेचं काही म्हणजे काही वाटत नव्हतं. अख्खा पापुद्रा मिळाला म्हणून मी खूश होते. रडू आलं ते फार उशिरा, मुलाने पहिलीतून पाटी आणून दाखवली आणि मी ती उलटी धरली, तेव्हा. तोवर तू गेली होतीस. सगळं तुझ्या नावावर घालणं सोपं होतं.

नात विचारते आहे, पत्ता काय लिहू. काही लिहू नकोस म्हटलं, घडी कर आणि मशीनच्या खणात ठेव, सुयांच्या डबीखाली. पण एक ओळ राहिली. पितृपक्षात मी दरवर्षी तुला पान वाढते, वडे, खीर, सगळं. तू जेवतेस आणि कावळ्याला रिकामाच परत पाठवतेस. या खेपेला तसं करू नकोस. तांदळाच्या भाकरीचा पापुद्रा पाठव, गरम, तव्यावरून थेट. दोन पाठव, हिच्या वाटणीचा सोमवारी मीच खाल्ला. आणि मीठ एकदाच घाल.