रिकामं भांडं परत द्यायचं नसतं

रत्नागिरी,
श्रावण वद्य पंचमी

ती. मैनावन्सं यांना दमयंतीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहिण्यापुरता. प्रत्यक्षात गुडघे अर्ध्यावरच नकार देतात, तेव्हा उरलेली अंगं मनानं टेकली असं समजावं.)

पाकिटावर माझं अक्षर बघून तुम्हाला आधी वाटलं असेल, की कोणी गेलं की काय. कोणी गेलेलं नाही. आम्ही दोघं आहोत, आणि आहोत तशीच आहोत. तुमचं बीपी कसं आहे? गोळी सकाळचीच घेता ना, की आठवली की? भावोजींची शुगर, सानिकाची दहावी, अलोऱ्याच्या कॉलनीतलं तुमचं गळकं छप्पर, सगळं ठीक आहे असं मी आपलं धरून चालते, कारण विचारायची सोय आपण ठेवलेली नाही. सात वर्षं झाली, वन्सं. सासूबाईंनी चार माणसांसमोर सांगितलंनी, की माझं मोदकपात्र मैनाला. त्या गेल्या आणि पात्र काही घरात सापडेना. तुम्ही म्हणालात दमयंतीनं दडवलंन. मी म्हणाले नणंदेनं आधीच पिशवीत घातलंन. आणि म्हणाले ते कुठे, तर तेराव्याच्या पंगतीत, अख्ख्या आळीच्या बायकांसमोर, वाढपाचा डाव हातात घेऊन. त्यानंतर तुम्ही आमच्या गणपतीला आला नाहीत आणि मी अलोऱ्याची पायरी चढले नाही. तुमचा भाऊ तेवढा दर भाऊबीजेला एकटा एसटीनं येतो. परत आला की "ताई बरी आहे" एवढं सांगून गॅलरीत जाऊन बसतो.

तर हे पत्र त्या विषयावर नाही. तो विषय मी काढणारच नाही. हे पत्र सामानाबद्दल आहे.

(कागदाचं नवल वाटेल. सामान काढताना मृणालीची नववीची प्रयोगवही सापडली. अर्धी पानं कोरी. टाकवेना. प्रत्येक कोऱ्या पानाच्या मागे काहीतरी चित्र आहे, तिकडे लक्ष देऊ नये.)

आम्ही हे घर सोडतोय. एकतीस वर्षं भाड्यानं राहिलो, आता मालकांच्या मुलाला हवंय. त्यानं इतकं हात जोडून मागितलंन, की भांडायलाही वाव ठेवलान नाही मेल्यानं. एसटी स्टँडच्या मागे दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतलाय. लिफ्ट आहे. एक हॉल, एक बेडरूम आणि स्वयंपाकघर. त्या स्वयंपाकघरात मी शिरले की ह्यांना बाहेर थांबावं लागतं (ही एक सोय चांगली झाली). पण माळा नाही हो! माळा म्हणून बिल्डरनं जे दाखवलं त्यात आपला पाटसुद्धा तिरका करून घालावा लागेल. गणपती झाले की जायचं. म्हणजे ह्या घरातले हे शेवटचे गणपती.

मृणालीनं पुण्याहून फोनवर नियम घालून दिला. जी वस्तू वर्षभरात वापरली नाही ती काढून टाकायची. मी म्हटलं, बाई, त्या हिशेबानं पहिले तुझे बाबाच जातील. तुमच्या भावाला तुम्ही ओळखताच. बावीस वर्षं बोटीवर काढली आणि निवृत्त होताना निम्मी बोट घरी घेऊन आले. दोरखंड किती, तर कपाटं भरून. सहा बंद घड्याळं, प्रत्येक वेगळ्या बंदरातलं आणि प्रत्येकात वेगळे वाजलेले. कापड नसलेल्या छत्र्या आणि दांडा नसलेल्या छत्र्या, दोन्ही निरनिराळ्या ठेवलेल्या. कशालाही हात लावला की एकच उत्तर, "लागेल कधीतरी." मी विचारलं, दुसऱ्या मजल्यावर जहाज नांगरायचंय का? तर शांतपणे माळ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आधी तुझी भांडी."

आता ह्यात माझा काय दोष, सांगा. आपल्याकडे नाव घातल्याशिवाय भांड्याचा आहेर होत नाही. लग्न, मुंज, बारसं, वास्तुशांत, प्रत्येक वेळी घरात नावं येतच राहिली. चहा दोनदा करून झाला तरी भांडी उतरवणं संपेना. त्यात एकट्या पाण्याच्या तांब्यांनी निम्मी ओटी अडवली. भंगारवाला बाबल्या आला, म्हणाला, "वैनी, वजनावर उचलतो." पण नाव घातलेलं भांडं भंगारात कसं द्यायचं? गेल्या वर्षी वरच्या आळीतल्या कोणाची तरी नावाची परात भंगाराच्या दुकानाबाहेर उन्हात पडलेली दिसली, आणि दोन घरांतली जा-ये बंद झाली ती अजून बंद आहे. तेव्हा मी डोकं चालवलं. (मी डोकं चालवलं की ह्यांना घाम फुटतो, पण त्यांचं ऐकायला वेळ नव्हता.) म्हटलं, ज्याचं नाव त्याला परत! माणूस खूश, भांडं खूश, माळा रिकामा.

एकच अडचण होती. रिकामं भांडं परत द्यायचं नसतं. हे सासूबाईंनी मला लग्नानंतर तिसऱ्याच दिवशी शिकवलंनी, शेजारची वाटी मी नुसतीच धुऊन द्यायला निघाले होते तेव्हा. म्हणून प्रत्येक भांड्यात काहीतरी घालायचं ठरलं. कुठे तांदूळ, कुठे साखर, कुठे चार सुपाऱ्या. मी भरायचं आणि ह्यांनी वर फडकं टाकून दोरीनं बांधायचं, म्हणजे रिक्षात सांडायला नको. दोरखंड अखेर लागला म्हणून स्वारी अशी खुलली, की न भरलेली भांडीही बांधून मोकळी होऊ लागली. आणि गाठी कसल्या? बोटीवरच्या! वादळात जहाज सुटेल पण गाठ सुटणार नाही.

रितेशची रिक्षा ठरवली आणि निघाले. पहिलं घर लवूकाकांचं. त्यांनी आपलं नाव वाचलंनी, भांडं मांडीवर घेतलंनी आणि डोळ्यांना पंचा लावून म्हणाले, "दमयंती, आमचं काय चुकलं गो?" माझं डोकं तेव्हा ठिकाणावर आलं. आहेर परत करणं म्हणजे संबंध तोडणं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं! मग घर लहान आहे, माळा नाही, पाट तिरका, सगळं पुराण सांगावं लागलं. काकांना पटलं. इतकं पटलं, की ते उठून आत गेले आणि बाहेर आले ते दोन हातांत दोन डबे घेऊन. दोन्हींवर "बाबू व दमयंती यांजकडून". एक त्यांच्या थोरल्या नातवाच्या बारशाचा, एक धाकट्याच्या. म्हणाले, मग आमच्याकडेही तुमचं नाव पडून आहे, न्या. आणि रिकामं द्यायचं नसतं म्हणून एकात आमसुलं भरलेली, एकात आंबोशी.

म्हणजे बघा, एक भांडं दिलं आणि दोन आली. मला वाटलं, हे एकाच घरी झालं. छे! एकतीस वर्षं आपण लोकांच्या लग्नाकार्यात वाकून वाकून भांडीच देत होतो, ह्याचा मला पार विसर पडलेला. आणि आपण दिलेली भांडी लोकांनी वापरलेली असतील असं तुम्हाला वाटत असेल, तर तेही डोक्यातून काढून टाका. सगळी कोरी करकरीत, त्यांच्या त्यांच्या माळ्यांवर.

आरे-वारेच्या रस्त्यानं पुढे एका घरी घागर पोचवायची होती. तिथल्या चढावर रितेशनं गिअर बदललान आणि घागर रिक्षातून उडी मारून उलट्या दिशेला निघाली. मी मागे, रितेश माझ्या मागे, आणि तुमचा भाऊ रिक्षात बसून "आधी गाठ बघा, गाठ सुटली का?" म्हणून ओरडतोय. (सुटली नव्हती.) खाली पर्यटक उभे होते. त्यांनी घागर अडवलीनी, हे उपकार झाले, पण आधी तिचा व्हिडिओ काढलानी. ज्यांची घागर त्यांच्या सुनेनं आम्ही पोचायच्या आधीच मला मोबाइलवर धावताना बघितलंन होतं. दार उघडलंन तेव्हा तिच्या तोंडात पदराचा बोळा होता.

बातमी रिक्षापेक्षा पुढे गेली. दमयंती भांडी परत करत फिरते, म्हणजे नवराबायको वेगळी होतायत असं खालच्या आळीत ठरलं. वरच्या आळीत मी संन्यास घेतला. लांज्यापर्यंत गेली तेव्हा बातमी सुधारून "आहेर बदलून मिळतायत" अशी झाली होती, आणि ह्यांची मामेबहीण अक्षया एसटीतून पोतं घेऊन थेट दारात. तिच्या पोत्यात अकरा भांडी आमच्या नावाची, आणि वर काजूगर. नाही कशी म्हणणार? जेवायला घातलं, साडी नेसवली, आणि जाताना तिच्या नावाचं पातेलं द्यायचं राहूनच गेलं.

थोडक्यात, अठ्ठावीस भांडी घराबाहेर गेली आणि एकेचाळीस घरात आली. शिवाय आमसुलं, कुळीथ, पोहे आणि फणसाची साटं एवढी साठलीत, की आहेत ती भांडी पुरत नाहीत. काल हे बाजारातून दोन नवे डबे घेऊन आले.

असो. मजेत आहोत. पावसात कॉलनीतल्या पायऱ्यांवरून जपून चाला, शेवाळ असतं. सानिकाला खूप खूप आशीर्वाद, भावोजींना नमस्कार. लिहिण्यात काही कमीजास्त झालं असेल तर ते मनात ठेवू नका, आपल्या मनांत आधीच जागा कमी आहे.

तुमची भावजय,
दमयंती

ता. क. तो विषय काढणार नाही म्हटलं होतं, पण अजून दोन पानं कोरी आहेत.

वन्सं, शेवटचं भांडं गंगुबाईंचं होतं, मोठं तपेलं. बांधून तयार होतं. जड लागलं तेव्हा मला वाटलं ह्यांनी तांदूळ भरलेनी, ह्यांना वाटलं मी. गंगुबाईंकडे त्या दिवशी मंगळागौरीच्या फुगड्यांची तालीम चाललेली. म्हणजे तेराव्याच्या पंगतीला होत्या त्याच सगळ्या बायका. गाठ कोणाला सुटेना. आठ जणींनी हात लावून बघितला, शेवटी कोयता आणला. फडकं उडालं, आत सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचा तुकडा, आणि लुगड्यात मोदकपात्र. गंगुबाईंनी चष्मा लावून शाळेतल्या हजेरीसारखं मोठ्यानं वाचलंनी, "सौ. काशीस माहेरून, सन १९६१." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अगो, हे तर तुझ्या नणंदेनं नेलंन होतं ना?"

तिथे मला आठवलं. सासूबाईंना हॉस्पिटलात न्यायच्या आदल्या दिवशी कल्हईवाला आला होता. मीच पात्राला कल्हई करून घेतली. मीच ते लुगड्यात गुंडाळून तपेल्यात घातलं, आणि मीच तपेलं माळ्यावर चढवायला सांगितलं. मग ते अकरा दिवस हॉस्पिटलात गेले, आणि डोक्यातून पात्र असं पुसलं गेलं, की सात वर्षं मी देवाशप्पथ खरं समजून तुमच्यावर आळ घेतला. माझं चुकलं, वन्सं. फार चुकलं. गंगुबाईंकडे सगळ्यांसमोर म्हणाले, इथेही लिहिते. घरी येऊन ह्यांच्यासमोर पात्र ठेवलं. ह्यांनी त्यावरून हात फिरवलानी, आणि गॅलरीत न जाता माझ्यापाशीच बसले. मला फार रडू आलं.

ता. क. २. आता मुद्द्याचं. पात्र तुमचं आहे, तुम्हाला मिळालंच पाहिजे. पण पाठवू कसं? रिकामं भांडं परत द्यायचं नसतं, हे तुमच्याच आईनं शिकवलंनी. आणि त्यात भरायचे तर मोदकच, दुसरं काही शोभणार नाही. पण माझे मोदक उकडताना फुटतात, हे तुम्हीच एकदा चार माणसांत सांगितलं होतंत (तेवढं खरं होतं). तेव्हा चतुर्थीच्या आदल्या दिवशी या. पाच दिवस राहा. एकवीस कळ्यांचे मोदक तुम्ही वळा, मी खोबरं किसते, आणि ह्या घरातले शेवटचे गणपती झाले, की आपलं पात्र आपल्या हातानं भरून घेऊन जा. हे स्टँडवर येतील. आत्तापासूनच चप्पल घालून बसलेत.

ता. क. ३. ह्या पानाच्या मागे लाल पेन्सिलीनं रंगवलेलं हृदय आहे, ते बेडकाचं आहे. भलता अर्थ काढू नये. काढलात तरी चालेल.

ता. क. ४. सगळं नीट बघितलं. खालचं भांडं आहे, चाळण आहे, झाकण मात्र सापडत नाही. तुम्ही नेलंत असं मी अजिबात म्हणत नाही. (मागे एकदा म्हटलं होतं, त्याचं काय झालं ते वर लिहिलंच आहे.) पण निघायच्या आधी तुमच्या माळ्यावर एकदा नजर टाकून या.