उंचावरचं सामान

प्रिय बुटके,

आता मुलं मोठी झाली, या नावाने हाक मारू नकोस, असं तू बजावलं आहेस. पण आज दुसऱ्या नावाने सुरुवातच करता येईना, तेवढं चालवून घे. तुझं पत्र परवा मिळालं. शिलाई मशीनला गिऱ्हाईक शोधते आहेस, मुलांच्या शाळेत सांगून ठेवलंस, आमच्या शेजारच्या जमिनीचा विसार तुझे ‘अहो’ महिनाअखेर पाठवणार आहेत. आणि अगदी खाली, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखं, ‘ताई, तू आहेस म्हणून निघतोय, नाहीतर इतक्या लांब कोण येतं?’ त्या वाक्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. तुझे भावोजी मात्र खुशीत आहेत. त्यांनी लगोलग तुम्हाला उत्तर लिहिलंय, तेही याच टपालाने येईल. दोन्ही एकदम हाती पडली तर हे आधी वाच.

मागच्या पत्रात मी तुला घराबद्दल गमती लिहिल्या होत्या. त्याच आज पुन्हा लिहिते आहे, फक्त जरा नीट. आम्ही जमीन बघायला आलो तेव्हा तुझ्या भावोजींनी खाली वाकून मूठभर माती उचलली, चुरली, नाकाशी नेली आणि माणूस कामातून गेला. अख्खी नोकरी खुर्चीवर काढलेला माणूस, त्याला लोण्यासारखी माती मिळाली. घर, गोठा आणि सगळं सामान त्याच किमतीत. विकणाऱ्याला निघायची घाई होती, बायकोची प्रकृती मानवत नाही म्हणाला. त्याच्या बायकोने मला घर दाखवलं. प्रकृती मला तरी ठणठणीत वाटली, पण घर दाखवताना ती एकदाही टेकली नाही. पलंगाचे पाय माझ्या कमरेएवढे. धान्याच्या कोठ्या उंच ओट्यावर. कपाट भिंतीला छताजवळ ठोकलेलं. तू असतीस तर मिठाच्या बरणीसाठीही शिडी लागली असती, असं मी तुला लिहिलंच होतं. माळ्याला बाहेर उघडणारं एक दार, आणि दाराबाहेर ना जिना ना गच्ची, नुसती हवा. इथून थेट स्वर्गात जायची सोय आहे वाटतं, असं मी म्हटलं. ती हसली नाही. गाडी भरून झाल्यावर मात्र परत उंबऱ्यापर्यंत आली आणि म्हणाली, “सामान आहे तिथेच राहू द्या. खाली उतरवू नका.”

त्या दिवशी मी रोजनिशीत लिहिलं, ‘घरधनीण फार टापटिपीची. वस्तू हलवलेल्या तिला खपत नाहीत.’ कॉलेजात शिकलेल्या बाईने काढलेला निष्कर्ष हा असा. ते वाक्य खोडावं असं रोज वाटतं आणि रोज ते तसंच ठेवते.

मग आम्ही सगळं खाली उतरवलं. सुरुवात सासूबाईंपासून झाली. पलंगावर चढताना त्यांचे गुडघे बोलायला लागले, तेव्हा त्या म्हणाल्या, “मी काय कोंबडी आहे, अंधार पडला की उडून वर बसायला?” तुझ्या भावोजींनी त्याच दिवशी करवत आणून चारही पाय गुडघ्याएवढे केले. कोठ्या जमिनीवर आल्या. गोठ्यात आढ्याला टांगलेली एक लांबट, डांबर फासलेली लाकडी पेटी होती. गुरांना चारा घालायला बरी म्हणून तीही खाली काढली, आणि धुतल्यावर पाणी साचू नये म्हणून तिच्या तळाला भोकं पाडली. शहरातली माणसं घर लावताहेत, म्हणून आम्हाला आमचंच कौतुक.

गेल्या आठवड्यात ते कपाट उतरवायला घेतलं. ओढताना भिंतीचा चुना पार खालपर्यंत पोपडे धरून निघाला आणि आतून एक तपकिरी रेषा दिसली. ओल असेल म्हणून मी बाजूचा चुना खरवडला, तर रेषा पुढे सरकली. कोपऱ्यातून वळली, दारापर्यंत गेली, दारापलीकडे पुन्हा सुरू झाली, सगळीकडे एकाच उंचीवर. ओल अशी शिस्तीत चढत नाही. जुन्या चौकटीच्या सांध्यात सुई घातली तर वाळलेली बारीक माती गळली. तीच, लोण्यासारखी. मी अंगणात जाऊन आधी माळ्याच्या त्या दाराकडे बघितलं आणि मग गोठ्यातल्या त्या पेटीकडे. बुटके, ती पेटी नाही. ती होडी आहे.

चढावरच्या घरात एक सुईण राहते. मी तिच्याकडे गेले. मी काही विचारायच्या आत माझ्या हातावरचा चुना बघून ती म्हणाली, “दरवर्षी येत नाही हो.” मग तिने सावकाश सगळं सांगितलं. नदी चढते तेव्हा दोन-तीन दिवस राहते, उतरताना ती माती ठेवून जाते, म्हणून तर पीक असं येतं. ती स्वतः इथे राहायला आली तेव्हा तिलाही कोणी काही सांगितलं नव्हतं. अजून चार घरं वसली की शाळेला मास्तर मिळेल, पूल होईल, मग वस्ती वर सरकवता येईल, असं सगळ्यांच्या मनात आहे. आल्या आल्या माणसाला कशाला घाबरवायचं, म्हणाली. मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही, कारण ती बोलत असताना मी मनात तुझी मुलं त्या शाळेत बसवून मोकळी झाले होते.

तुझे भावोजी आधी हसले. मग भिंतीशी जाऊन त्यांनी त्या रेषेवरून बोट फिरवलं. आत्ताच बहिणीला काही कळवू नकोस म्हणाले, त्यांना येऊ दे, समोरासमोर सांगू, आपली माणसं जवळ असली की सगळं निभतं. त्यांना खोटं ठरवू नकोस. पलंगाचे कापलेले तुकडे मी सरपणात टाकले होते. ते त्यांनी गुपचूप उचलून फळीवर ठेवलेत. घाबरलेला माणूस आहे तो, लबाड नाही.

लबाडी झालीच असती तर माझ्या हातून. काल मी तुला एक पत्र लिहून पूर्ण केलं होतं. सगळं छान, लवकर या, आणि शेवटी ‘येताना उंच पायांचा पलंग आणा, इथे तशीच पद्धत आहे.’ घडी घालताना उंबऱ्यातली ती बाई आठवली. तिनेही अगदी एवढंच सांगितलं होतं. आपण सांगितलं, समजून घेणं तिच्याकडे, अशी मनाची समजूत घालत ती गेली असेल. मीही घातली असती. इथे दिवसभर बोलायला कोणी नाही गं. तू शेजारी येशील म्हणून मी तुझ्यासाठी अबोलीची रोपंसुद्धा लावून बसले आहे. ते पत्र फाडलं.

म्हणून हे दुसरं, आणि यात पद्धतीबिद्धतीची भाषा नाही. विसार पाठवू नका. मशीन विकू नकोस. भावोजींच्या पत्रात मातीबद्दल जे असेल ते सगळं खरं आहे, पण तुमच्यासाठी पाहिलेली ती जमीन आमच्या अंगणापेक्षाही उताराला आहे, आणि ते त्यात नसेल. आम्ही यंदा इथेच राहणार, पीक उभं आहे. होडीची भोकं मी लाकडाच्या खुंट्या ठोकून बुजवली, आणि भावोजींनी डांबर आणून दिलं. सासूबाईंना पावसाळ्याआधी तुझ्याकडे पाठवीन, त्यांना ठेवून घे. आज सकाळी चपला काढून मी त्या भिंतीला पाठ लावून उभी राहिले. रेषा माझ्या हनुवटीला लागते. तू माझ्या खांद्याला लागतेस.

तुझीच,
उंच ताई