मामांच्या टोपीतली रूसी

राजापेठ, अमरावती
ता. ८ जानेवारी १९३१

तीर्थस्वरूप शेषरावमामांच्या चरणी भाचा गोवर्धनचा दंडवत. इकडे आम्ही खुशाल नाही. आपण असाल, तर हे पत्र पुरं होईपर्यंत तसंच राहावं.

घात झाला, मामा. महिनाभर डोकं खाजत होतं. बाजारात माझ्या टोपलीतल्या वांग्यांवर पांढरं सांडलेलं पाहून गिऱ्हाईक पुढे जाऊ लागलं, तेव्हा आईने (आपली बहीण, स्वभाव आपण जाणताच) मला दवाखान्यात पिटाळलं. डॉक्टर नवे, जबलपूरकडचे, हिंदीशिवाय बोलत नाहीत. माझं डोकं उजेडात धरून म्हणाले, "तुम्हारे सिर में रूसी भरी है."

शेजारचा भगवंत रोज हिंदी पेपर मोठ्याने वाचतो. रूसी म्हणजे रशियातले लोक. ते गरिबांच्या डोक्यात सरकारविरुद्ध विचार भरतात आणि माणूस तुरुंगात जातो, एवढं मला त्याच्यामुळे पक्कं ठाऊक. (मागे बाजारात शिपायाने माझी टोपली लाथाडली, तेव्हा एक वाईट विचार आला होता खरा. पण तो वरून दिसत असेल असं वाटलं नव्हतं.) मग डॉक्टरांची उलटतपासणी सुरू झाली. किती दिवसांपासून आहे? घरात आणखी कोणाला? टोपी कोणाची घालतोस? मी भीतीने खरं तेच सांगितलं, की मूर्तिजापूरच्या मामांची, दिवाळीत आणलेली. त्यांनी मान डोलवून कागदावर काहीतरी लिहिलं.

भर थंडीत घामाने भिजून घरी आलो. भगवंत म्हणाला, "सोताहून सांगतलं तं सरकार सोडते." म्हणून चौकीवर गेलो आणि जमादारापुढे हात जोडले, की मामा रूसी लोकांपैकी आहेत, त्यांच्याच टोपीतून माझ्या डोक्यात शिरलं. जमादाराने आपलं नाव-गाव तीनदा विचारून लिहून घेतलं. मामा, मला क्षमा करा.

आपला भाचा,
गोवर्धन

ता. क. आई आताच डॉक्टरांचा तो कागद दाखवून औषध घेऊन आली. कंपाउंडर म्हणतो, हिंदीत कोंड्याला रूसी म्हणतात. (एवढी मोठी भाषा, दुसरा शब्द सापडू नये?) थंडीत कोंडा वाढतो, डोकं नेमाने धुवावं, टोपी आणि कंगवा ज्याचा त्याने वापरावा. आई म्हणते, "शेषरावच्या डोक्यात तं लहानपणापासून कोंडा हाय, त्याले काय भेतं!"

आणखी एक. पुन्हा त्या जमादारापुढे उभं राहायची माझी छाती नाही. दोन शिपाई सोमवारच्या गाडीने आपल्याकडे येत आहेत. त्यांना टोपी काढून डोकं दाखवावं. आपल्याजवळ पुरावा तेवढाच. पाया पडतो मामा, सोमवारपर्यंत डोकं धुऊ नका.