निळ्या कापडाची पिशवी

नाशिक रोड, रमजानचा शेवटचा शुक्रवार

असरची नमाज पढून दार उघडलं, तर उंबऱ्यावर पिशवी. आत तांदूळ, तेल, शेवया, खजूर. सदका देणारा असाच गुपचूप ठेवून जातो, घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणून. समोरच्या भाभी दारातून बघत होत्या. मी दिसताच आत गेल्या.

सना म्हणाली, "अम्मी, ही तर तू शिवलेली!"

माझीच. मोहल्ल्यातल्या गरजूंना सामान वाटणाऱ्या घरांना दर रमजानला मी पिशव्या शिवून देते, माझा सदका तेवढाच. यंदाही दिल्या. यांचा कारखाना बंद पडलाय, हे तर कोणाला सांगितलंच नव्हतं. मग कोणी ओळखलं? परत करायची तर कोणाला?

हे म्हणाले, "राहू दे. ईदला पोरीला शेवया लागतील." आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

इफ्तारला खजूर पिशवीतच ठेवून पाण्यावर रोजा सोडला. इतकी वर्षं मुद्दाम हेच जाड निळं कापड घेत आले, आतलं बाहेर दिसू नये म्हणून. आता मोहल्ल्यात निळी पिशवी कोणाच्या दारात येते, हे लहान पोरांनाही ठाऊक आहे.

तो रंग मीच निवडला होता.