काशाच्या ताटावरची हाक

१४ नोव्हेंबर २०२४, खोडाळा

पोचले एकदाची. जव्हारहून जीपमध्ये मांडीवर रेकॉर्डरची बॅग, पायाशी कुणाची तरी कोंबडी, आणि तरी मी हसत होते. पुष्पाताईंच्या घरामागची खोली छान आहे. खिडकीतून खळं दिसतं. तिथे नागली झोडत होते, तो आवाज आल्याआल्याच टिपून घेतला. माइकवरचं केसाळ आवरण पाहून पुष्पाताईंनी विचारलं, मांजर काठीला बांधून कुठे निघालात? संध्याकाळपर्यंत सगळा पाडा मला मांजरवाली बाई म्हणू लागला.

चिंचणीच्या किनाऱ्यानंतर हे माझं पहिलं एकटीचं काम. तिथे तीन वर्षं मी आणि संगीतकार नितीनने भरती-ओहोटी, वाळूखालचे खेकडे, कोळणींनी सांगितलेल्या बुडालेल्या माणसांच्या गोष्टी, असं सगळं टिपलं. त्याचं संगीत झालं, परदेशात वाजलं, आणि त्यावर नाव एकट्या नितीनचं होतं. याबद्दल इथे लिहायचं नाही असं ठरवून आले आहे.

१७ नोव्हेंबर

पाड्यातले तुकाबाबा थाळगान गातात, मेलेल्यांना बोलावायचं. काशाच्या ताटात मधोमध मेणाने एक काडी उभी करायची आणि ओली बोटं तिच्यावरून वरून खाली सारायची. ताट घुमतं. आवाज ताटातून येतो असं वाटतच नाही, जमिनीतून येतो. मी तासभर नुसती बसून राहिले, मशीन लावायचं विसरले. असं फार वर्षांनी झालं. निघताना त्यांनी एक जुनं ताट मला शिकायला दिलं. माझी बोटं कुरकुरली तेव्हा म्हणाले, ताटाला गुदगुल्या करू नका बाई.

२० नोव्हेंबर

आज बायडी नावाच्या वारलेल्या म्हातारीचा दिवस घातला. तुकाबाबांनी ताट घुमवत तिला नाव घेऊन बोलावलं. तीच ओळ, पुन्हा पुन्हा: ये बायडी, घर तुझं आहे, बस. मग ती आली, हे तिथे सगळ्यांना एकदमच कळलं. तिच्या मुलीने तिच्यासाठी पानावर भात वाढला. शेवटी पाठवायचं गाणं होतं, पण तोवर पंगतीची भांडी वाजायला लागली होती. मी मशीन बंद केलं. तुकाबाबांना ते आवडलं नाही. बोलावणं घेतलंत तर पाठवणंही घ्या, म्हणाले. मी म्हटलं, पुढच्या वेळी.

जेवताना सहज विचारलं, जिवंत माणसाला असं बोलावलं तर? त्यांनी घास थांबवला नाही.

"येल ना. पण मेल्याबिगर कसा येल?"

पंगत हसली. मीही.

२३ नोव्हेंबर

नितीनच्या समुद्राला पुरस्कार मिळाला. मुलाखत वाचली. बरोबर कोण होतं, असं विचारल्यावर त्याने सांगितलं आहे: किनाऱ्यावर माइक धरायला एक बाई असायची.

एक बाई. ती कोळीण नवऱ्याची गोष्ट सांगताना रडली, ती माझा हात धरून रडली होती. तिच्या हुंदक्यांमध्ये माझा श्वास आहे. तो त्याला कापता आलेला नाही.

आज काहीच टिपलं नाही. शेताच्या बांधावर बसून राहिले.

२४ नोव्हेंबर

बायडीच्या हाकेतून तिचं नाव काढलं. मोकळ्या जागेत माझ्या आवाजात नितीनचं नाव. खाली ताटाची घूम. सतरा सेकंदांचा तुकडा, संपला की पुन्हा सुरू. हा प्रयोग आहे, असं लिहून ठेवते. दिवसभर स्पीकरवर लावून ठेवला.

पुष्पाताईंनी विचारलं, नितीन कोण? भाऊ, म्हटलं. एवढं बोलावताय तर येईल हो, म्हणाल्या.

मला बरं वाटत होतं. खूप बरं.

२७ नोव्हेंबर

दुपारी प्रगतीचा फोन. माझी आणि नितीनची जुनी मैत्रीण. प्रतिक्षा, आधी खाली बस, म्हणाली. नितीन गेला. पुण्यात, खोलीत, खुर्चीवर. कानांवर हेडफोन, काहीच वाजत नव्हतं. मान एका बाजूला, ऐकत असल्यासारखी.

तीन दिवस तुकडा चालूच होता. बंद करायला विसरले होते. नाही, इथे तरी खरं लिहावं. विसरले नव्हते. फोन ठेवल्यावर आणखी एकदा ऐकला.

२८ नोव्हेंबर

तुकडा पुसून टाकला. तरी ताट घुमतंय. कुणी हात लावलेला नाही.

सकाळी ताटात पाणी होतं. बोट बुडवून चाखलं. खारं.

२९ नोव्हेंबर

रिकाम्या खोलीत रेकॉर्डर लावला. काटा हलतो. श्वास — त्याचाच. माइकच्या अगदी जवळ, तो बसायचा तसा.

पुष्पाताई चहा घेऊन आल्या आणि दारातूनच परतल्या. समुद्राचा वास येतोय, म्हणाल्या. त्यांनी समुद्र एकदाच पाहिलाय.

३० नोव्हेंबर

तुकाबाबांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. बराच वेळ ताट पुसत राहिले. ज्यानं बोलावलं त्यानंच पाठवायचं, माझ्या पाठवण्यानं तो जायचा नाही, म्हणाले. पाठवायचे शब्द सांगितले.

"तुझं माझ्याकडं काही नाही. माझं तुझ्याकडं काही नाही. जा."

एवढंच? म्हटलं. तर म्हणाले, मनातून निघायला हवं. नुसतं तोंडानं म्हटलंत तर त्याला कळतं. मग तो बोलावतो.

१ डिसेंबर, दुपार

भात वाढला. ताट समोर. बोटं ओली.

तुझं माझ्याकडं काही नाही — म्हटलं. निघालं. खरंच निघालं.

माझं तुझ्याकडं —

होत नाही.

पुन्हा. माझं तुझ्याकडं काही —

आहे. सगळं आहे, चोरा. तीन वर्षं आहेत. समुद्र आहे —

भात भिजला. पाणी उंबऱ्यापर्यंत —

काडीवर बोटं फिरताहेत. माझी नाहीत. किती सफाईने —

गातोय. ये, म्हणतो. घर तुझं —

माझं नाव घेतोय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पूर्ण नाव, आडनावासकट, सुरात, एकही अक्षर न गाळता —

आणि मला उठून जावंसं