नादकाट्याची खुशाली

कर्जत,
ता. १४ मार्च १९७३

तीर्थस्वरूप अब्राहाममामा यांस,

भाचा यशया याचा सप्रेम सलाम. आपला दमा कसा आहे? मामींचे गुडघे? इकडे लिडिया व मी ठीक आहोत. पाण्याचा टँकर दिवसाआड येतो (म्हणजे येणार असं सांगतात). नगरच्या चर्चमध्ये आपण ज्या नादकाट्यावर गायकांना सूर देता, तो मी मागून आणला, त्याची काळजी नसावी. काटा सुखरूप आहे.

सोमवारी शाळेची तपासणी झाली. चार वर्षं मी इथे हंगामी विज्ञान शिक्षक. साहेबांचा शेरा चांगला पडला तरच कायम होणार, हे आपण जाणताच. म्हणून खास प्रयोग लावला होता. काचेची उंच नळी पाण्याने भरायची, तोंडाशी वाजता नादकाटा धरायचा आणि खालून पाणी हळूहळू सोडायचं. एका ठिकाणी आवाज एकदम फुगतो. तिथे नळीचा रिकामा भाग मोजायचा. त्याच्या चौपट ती आवाजाच्या तरंगाची लांबी (अंदाजे). सगळं चोख होतं. पण साहेब उन्हातून आले, आणि आमच्या शिपाई गोजरबाईंनी आल्या पाहुण्याला पाणी द्यायचं म्हणून माझी प्रयोगाची बादलीच त्यांच्यापुढे, त्यांच्या ड्रायव्हरपुढे आणि दोन कारकुनांपुढे रिकामी केली. मी असा भडकलो! तर मलाच म्हणतात, "मानसं तहानल्यात आन् तुमी नळीला पाजताय व्हय?" शेवटी त्यांनीच स्वतःच्या प्यायच्या कळशीतलं पाणी नळीत ओतलं. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

साडेसोळा सेंटिमीटरवर आवाज असा फुगला की बाहेरची पोरं खिडकीला लोंबकळली. चौपट सहासष्ट, गुणिले काट्यावर कोरलेली सेकंदाची पाचशे बारा कंपनं. आवाजाचा वेग सेकंदाला तीनशे अडतीस मीटर! साहेब खूश झाले. मामींना सलाम सांगावा.

आपला,
यशया

ता. क. : काटा सुखरूप आहे, फक्त साहेबांकडे आहे. "फार गोड वाजतो हो, कुणाचा?" असं त्यांनी विचारलं. पाहुण्याने वस्तूचं कौतुक केल्यावर आपण म्हणतो तसं मी म्हणालो, "आपलाच आहे, साहेब." त्यांनी तो रुमालात गुंडाळून खिशात घातला. त्यांच्या घरी भजनाची पेटी आहे म्हणे.

आणखी ता. क. : हेडमास्तरांनी आत्ताच शेरा दाखवला. "शिक्षक उत्तम. मात्र शाळेत नादकाटा आढळला नाही. तो आणल्यावर फेरतपासणी करून शिक्षकास कायम करावे." तेव्हा मामा, चर्चच्या कपाटातला दुसरा काटा कृपा करून पाठवा. या खेपेला साहेबांनी विचारलं तर माझ्या मामांचा आहे, असं स्पष्ट सांगेन. (लिडिया म्हणते, सांगणार नाही.)