छोट्या क्लॅरिनेटचं शिसवी बॅरल

३ जानेवारी १९६९
फुटलं! कॅजिटन मास्तरांच्या ओट्यावर बँडचा सराव चालला होता. मी फुंकर मारली आणि फर्रर्र! तोंडात धरायच्या तुकड्याखाली ते आखूड, गोल लाकूड असतं ना, बॅरल, त्यालाच उभी चीर. मास्तर म्हणाले, "चर्चचा सण तोंडावर आला गो व्हायोलेट. न्हाय जमलं तर औंदा छोटं क्लॅरिनेट न्हाय." म्हणजे मी नाही! अख्ख्या उत्तनच्या बँडमध्ये एकुलती एक मुलगी, माझा पहिलाच सण, आणि हे!

क्लॅरिनेट पप्पांचं. मागे एकदा अचानक माझ्या हातात देऊन मोकळे झाले. "मला आता दम लागतो." दम लागतो म्हणे! आणि बोटीवर दिवसभर धडधडत्या इंजिनाशेजारी असतात, भरलेलं जाळं ओढतात. मी काही विचारलं नाही. वाद्य मिळत होतं ना!

५ जानेवारी
चिरेत मेण भरलं, वर दोरा गुंडाळला. मम्मी: "बंद कर गो, कोंबडी अंड्यांवरून उठली!"

८ जानेवारी
मुंबईत जुन्या वाद्यांच्या दुकानात एक काळं एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं, बॅरल मिळालं. दुकानदार म्हणाला, "ले जाओ बेटी, मक्खन माफिक बजेगा." मक्खन कसलं! सुरीला धार लावल्यासारखी किंचाळी. पण बँडशी सूर बरोबर जुळतोय. मास्तर खूश — "काम झालं!" त्यांचं झालं. माझं नाही. मला गोड हवंय!

११ जानेवारी
डोकं चाललं! मोरव्याचे धाकू कातारी लाटणी कातून देतात, खाटेचे पाय कातून देतात. मग बॅरल का नाही? चर्चमध्ये जाऊन पेटीशी सूर जुळवला. चीर पडलेलं बॅरल सांध्यात थोडं वर ओढावं लागलं, तेव्हा कुठे सूर एकजीव झाला. तेवढी लांबी धाकूंना दिली. ते म्हणाले, "ह्याच्यातून गाणं निघतं? बरं बाबा. शिसवाचा तुकडा पडलाय, त्याचं करतो."

१४ जानेवारी
धाकूंचं बॅरल लावलं. काय आवाज, देवा! गोल, उबदार! मला तर वेडच लागलंय. पप्पांपुढे दोन्ही बॅरलं आलटूनपालटून लावली. सांगा, कुठलं? मी वाजवत असताना त्यांनी बॅरलवर बोटं टेकली, डोळे मिटले. मग शिसवी दाखवून म्हणाले, "हेच घे. हाताला कसं थरथरतंय बग." मी सूर विचारतेय आणि हे हात लावून सांगतायत! मी पोट धरून हसले. मम्मी मात्र कालवण ढवळत राहिली.

१५ जानेवारी
फजिती!! बँडबरोबर वाजवलं आणि सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. माझा सूर सगळ्यांच्या खाली! मास्तरांनी कपाळ बडवलं. "पेटीवर जुळवलंस? अगो, आपली पितळी वाद्यं सगळी इंग्रजांच्या जुन्या पलटणीची. त्यांचा सूर पेटीच्या वर हाय. म्हणून तर चर्चात मिस्साला पेटी वाजते तवा आपला बँड भायेर उभा रेतो!" आणि मी लहानपणापासून समजत होते, आत जागा नसते म्हणून!

"काळं लाव," मास्तर म्हणाले. नाही लावणार. पप्पांनी शिसवी निवडलंय.

१७ जानेवारी
पुन्हा धाकूंकडे. बॅरल आखूड झालं की सूर चढतो. पण जास्त कातलं गेलं तर संपलंच, लाकूड काही परत चिकटत नाही! मावसभाऊ कॉन्रॅड बँडचं ट्रंपेट घेऊन शेजारी. धाकूंनी जरासा कीस काढायचा, मी वाजवायचं, कॉन्रॅडने मान हलवायची — "खाली. अजून खालीच." धाकूंनी विचारलं, "आणखी?" मी म्हटलं, "आणखी एकदाच."

लागला!! कॉन्रॅड एवढ्याने ओरडला की शेजारची बाई धावत आली. धाकूंनी कीस फुंकून बॅरल माझ्या हातात दिलं. "आता माझ्याकडे आणू नकोस," म्हणाले, पण हसत होते.

१९ जानेवारी, रविवार
वाजलं! वाजलं! वाजलं!! मिरवणूक चर्चपासून बंदरापर्यंत, आणि सगळ्या बँडच्या वर माझं छोटं क्लॅरिनेट! बायका दारात येऊन बघत होत्या. मास्तर म्हणाले, "काळं टाकून दे समुद्रात." पप्पा गर्दीतून सोबत चालत होते, डोळे सारखे माझ्या बोटांवर. पण घरी आल्यावर आवाजाबद्दल एक शब्द नाही! उद्या त्यांच्या एकट्यासाठी वाजवणार. बोलतील कसे नाहीत!

२० जानेवारी
पप्पा किनाऱ्यावर बोंबील वाळत घालत होते, माझ्याकडे पाठ. गंमत म्हणून मागे उभी राहिले आणि सगळ्यात वरचा सूर जोरात लावला. दांडीवरचे कावळे उडाले. पप्पा वळले नाहीत. पुन्हा लावला. नाहीच वळले.

दम नाही लागत त्यांना. बोटीच्या त्या इंजिनाने हा सूरच नेलाय त्यांच्या कानांतून.

पुढे जाऊन उभी राहिले. माझा चेहरा बघून त्यांना कळलं. मला रडू आवरेना. त्यांनी हात लुंगीला पुसले आणि बोटं बॅरलवर टेकली.

"वाजव," म्हणाले.